हेडमास्तरांच्या खिशातली माशी

माझ्या बहिणीचं लग्न मधमाशांनी मोडलं, असं आमच्या नात्यात आजही सांगतात. मयतीत सांगतात, बारशात सांगतात, आणि एकदा तर मूल गावाला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने ते मलाच सांगितलं. ("सिंदेवाहीची गोठ आहे, भाऊ. पोरीचा सासरा होणार होता, हेडमास्तर. त्याच्या खिशात माशी घुसली म्हणते.") मी "असं का" म्हणालो आणि खिडकीतून बाहेर पाहू लागलो. माशांचा त्यात काही दोष नव्हता. त्या आपल्या घरी चालल्या होत्या. दोष ज्याचा होता तो खिडकीतून बाहेर पाहत होता.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंदेवाहीत आमच्या घरी तेव्हा तीन माणसं होती आणि एक पेटी. बाबा जंगलखात्यात नाकेदार होते, नुकतेच रिटायर झालेले. कमलताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, प्राथमिक शाळेत बाई. मी बावीस वर्षांचा, बी.ए. झालेला आणि त्यानंतर काहीच न झालेला. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. ती होती तोवर घरात बोलायचं काम तिच्याकडे होतं. ती गेल्यावर ते कोणी हाती घेतलं नाही. भात वाढताना चमचा पातेल्याला लागला तरी आम्ही तिघंही दचकून वर पाहायचो.

पेटी मधमाशांची. आलापल्लीला नोकरीत असताना बाबा कुठल्याशा ट्रेनिंगला जाऊन आले, आणि आई गेल्यावर त्यांनी ती विद्या बाहेर काढली. आग्यामोहोळाच्या माशा नव्हेत. या सातेरी, लहानशा, अंधारात नांदणाऱ्या. अंगणातल्या निंबाखाली चार पायांच्या घोडीवर पेटी ठेवलेली, मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. बाबा सकाळी तिच्यासमोर बसायचे आणि हळू आवाजात काहीतरी बोलायचे. आमच्याशी दिवसभरात ते जेवढं बोलत त्याच्यापेक्षा ते जास्त असायचं. (मी एकदा कान देऊन ऐकलं. ते तिला तांदळाचा भाव सांगत होते.)

आमच्याकडचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. त्या दिवसांत माशा पेटी सोडून सगळीकडे दिसायच्या. रांजणाच्या ओल्या फडक्यावर, मोरीच्या काठावर, कपडे धुवायच्या दगडावर, आणि दोरीवर वाळत टाकलेल्या बाबांच्या घामट बनियनवर तर ओळीने. संध्याकाळी पेटीच्या दाराबाहेर त्यांचा झुबका लोंबायचा.

आमचे शेजारी शंकरभाऊ तलावावर मासे धरायचे. ते कुंपणावरून म्हणत, "बाबूजी, तुमच्या पेटीले दाढी आली. माशा घर सोडून चालल्या वाटते."

"सोडून कुठी जातीन? आत उकडते. आपण नाई का खाट आंगनात टाकत?"

"अन् बनियनवर काऊन बसतेत?"

"मीठ लागते त्यायले. पाणी बी लागते. पाणी आत नेतेत, पंखानं वारा घालतेत. कूलर आहे तो त्यायचा."

"तुमच्या घरी माणसायले कूलर नाई," शंकरभाऊ म्हणत, "अन् माशायले आहे."

अशा वेळी बाबा जरा हसायचे आणि शेवटी एक वाक्य हमखास बोलायचे. "माशीले पेटी नाई ठाऊक, जागा ठाऊक. हलवाची तं हातभर हलवा, नाई तं पार दुसऱ्या गावाले न्या. आंगनातल्या आंगनात नाई." हे वाक्य मी निदान चाळीस वेळा कानांनी ऐकलं असेल. डोक्याने एकदाही नाही.

ताई अठ्ठावीस वर्षांची झाली होती. तिला तिघे पाहून गेले होते. तिघांनी पोहे खाल्ले आणि कळवतो म्हणाले. चौथं स्थळ ब्रह्मपुरीकडचं, मुलगा सुधाकर, तोही मास्तर. शाळेच्या एका ट्रेनिंगात दहा दिवस दोघं एकाच वर्गात होते. ताई त्याबद्दल काही बोलली नाही. पण पाहुणे यायच्या दिवशी सकाळी तिने मला विचारलं, "रवी, गाडी वेळेवर येते का रे आजकाल?" छोट्या लाइनची गाडी वेळेवर येते का, हा प्रश्न आमच्या भागात शुद्धीवर असलेलं माणूस विचारत नाही. मग ती आत गेली आणि पोह्यांसाठी बटाटे चिरताना गुणगुणायला लागली. चार वर्षांनी त्या घरात कोणी गुणगुणत होतं. मी अंगणात उभा राहून ऐकलं आणि ठरवलं की आज आपल्या हातून काहीतरी मोठं व्हायला पाहिजे.

झालं.

बाबा पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर गेले. मी अंगण पाहिलं. सावली होती ती एकट्या निंबाखाली, आणि तिथे पेटी. पाहुणे उन्हात आणि माशा सावलीत! मी शंकरभाऊंना हाक मारली.

"जरा हात लावा. पेटी मागं सांदवाडीत नेऊ."

"बाबूजीले इचारलं का?"

"विचारलं." (ही पहिली थाप. ही धरू नका, मोठी पुढे आहे.)

"डसतीन ना."

"दार बंद करतो." मी खिशातला रुमाल काढून पेटीच्या फटीत कोंबला. त्यावर ताईने निळ्या दोऱ्याने 'र' काढलेला होता.

"पर ज्या बाहेर गेल्या त्यायचं का?"

"येतील, पाहतील, शोधतील. एवढी अक्कल असते."

"कोनाले?" शंकरभाऊ म्हणाले. "मी मासोळ्यायचा माणूस, मले माशायचं समजत नाई. मासोळी एकदा तलावाबाहेर काढली का पत्ता इचारत नाई."

तेवढ्यात ताई हात पुसत दारात आली. "रवी, पेटी काऊन हलवून राह्यला? बाबा रागावतीन."

"तू आत जा. साडी खराब होईल."

"अरे, पर बाबा—"

"जा म्हटलं ना."

ती गेली. आम्ही पेटी घराच्या मागे न्हाणीजवळ नेऊन ठेवली. पुढे अंगणात सतरंजी घातली. शाळेतून हातांची खुर्ची मागून आणली होती. ती कुठेही ठेवली तरी डगडगायची. एकाच जागी नीट बसली, कारण वर्षानुवर्षं घोडीच्या चार पायांनी तिथली जमीन सपाट केली होती. मी दोनदा बसून पाहिलं. उत्तम जागा.

बाबांनी पाहुण्यांना रिक्षात बसवून पुढे पाठवलं आणि ते मागून पायी निघाले. त्यामुळे पाहुणे आधी आले. सुधाकर, त्याचे मामा, आणि सुधाकरचे वडील. वडील हेडमास्तर. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन, डोक्यावर टोपी. ते बोलायच्या आधी समोरच्याकडे असे पाहायचे की मला न केलेला गृहपाठ आठवला. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले, टोपी काढून खुर्चीच्या हातावर ठेवली, म्हणाले, "सावली चांगली आहे."

आता एक छोटंसं मोजमाप सांगतो. पेटीचं दार जमिनीपासून जेवढ्या उंचीवर असायचं, बरोबर तेवढ्या उंचीवर आता हेडमास्तरांचा खिसा होता.

पहिली माशी आली. खिशासमोर हवेत थांबली, मागे सरली, पुन्हा आली. मग चार आल्या. मग मी मोजणं सोडलं. सकाळपासून मोहावर, करंजीवर, कुठे कुठे गेलेल्या माशा कामावरून परतत होत्या, आणि प्रत्येक जणी हेडमास्तरांच्या छातीशी येऊन थबकत होती. कोणी चावत नव्हतं. घराला कुलूप आणि किल्ली शेजारी नाही, अशी माणसं दारात ताटकळतात तशा त्या ताटकळत होत्या.

"माशा लय दिसून राह्यल्या," मामा म्हणाले.

"मधाच्या आहेत," मी म्हणालो. "घरच्याच."

"घरच्या आहे तं घरात काऊन नाई जात?"

घर न्हाणीजवळ होतं आणि दारात माझा रुमाल होता.

"तुम्ही हलू नका, सर," मी हेडमास्तरांना म्हणालो.

"मी कुठं हलून राह्यलो? त्यायले सांगा."

खरंच ते हलत नव्हते. तीस वर्षं पोरांसमोर न हललेला माणूस. एक माशी पेनाच्या टोपणावर बसली, तिने आत डोकावलं आणि खिशात उतरली. मामा सतरंजी सोडून निंबाच्या पलीकडे गेले.

"आपण शकुन-अपशकुन मानत नाई," ते तिथून म्हणाले. "पर असं झालं तं मानाच लागते."

तेवढ्यात ताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने एक नजर टाकली आणि तिला सगळं कळलं. ट्रे तिने सतरंजीवर ठेवला, हेडमास्तरांजवळ गेली, म्हणाली, "हात झटकू नका जी. त्या घर पाहून राह्यल्या." आणि दोन बोटं खिशात घालून तिने ती माशी अलगद बाहेर काढली, तळहातावर घेतली, उडवून दिली.

"भेव नाई लागत तुले?" हेडमास्तरांनी विचारलं.

"नाई जी. बाबांसोबत मीच मध काढतो."

हेडमास्तर हसले. सुधाकरने वडिलांकडे पाहिलं. त्यालाही ते फारसं पाहायला मिळत नसावं. मामा निंबामागून परत आले. ताईने ट्रे पुन्हा उचलला आणि त्या दोघांची, ताईची आणि सुधाकरची, अशी नजरानजर झाली की माझ्या मनात सनईच्या सुपारीचा विचार आला. तुम्हाला सांगतो, त्या मिनिटाला ते लग्न जमलं होतं.

आणि फाटकातून बाबा आत आले.

त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं नाही. निंबाखाली पाहिलं. "पेटी कुठी आहे?"

"सांदवाडीत," मी म्हणालो.

"तिचं दार?"

"बंद केलं."

बाबा धावले. साठीचा माणूस, इस्त्रीचं धोतर, पाहुणे समोर बसलेले, आणि ते धावले. तेव्हा मला कळलं नाही. त्या उन्हात दार कोंबलेल्या पेटीत माशा गुदमरतात, मेण वितळतं, अख्खं घर आतल्या आत बसतं. ते परत आले तेव्हा धापा टाकत होते. मूठ आवळलेली होती. नंतर मी पाहिलं तर मागे पेटीवर माशांचा मोठा थोरला झुबका बाहेर येऊन लोंबत होता, श्वास घेत असल्यासारखा.

"कोनं हलवली?" त्यांनी विचारलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी खरं बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं आहे. तेही खरं नाही.

"ताईने सांगितलं," मी म्हणालो. "पाहुण्यांसमोर बरी दिसत नाही म्हणाली."

कुंपणापलीकडे शंकरभाऊंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. ताई ट्रे धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात पोराला उत्तर येतं हे बाईंना माहीत असतं आणि त्या थांबतात, तशी. मी सतरंजीवरची रेघ पाहत राहिलो.

"काऊन वो कमल?" बाबा म्हणाले.

तिने पोह्यांच्या बशा सतरंजीवर मांडायला घेतल्या.

हेडमास्तरांनी खिशातली पेनं सारखी केली. मग मार्क देताना बोलावं तशा आवाजात म्हणाले, "बाई, तुह्या बापाचा जीव आहे त्या पेटीत. आता पाह्यलं आमी, कसे धावले ते. अन् चार पाहुण्यांसाठी तू ते मागं टाकली. उद्या पाहुण्यांपुढं आमी बरे नाई दिसलो तं?"

सुधाकर म्हणाला, "बाबा, पण—"

"बस. पोहे खा."

पोहे सगळ्यांनी खाल्ले. मामांनी दोनदा घेतले. चहा झाला. कळवतो म्हणाले.

ते गेल्यावर दिसलं, हेडमास्तरांची टोपी खुर्चीच्या हातावरच राहिली होती. मी ती उचलली आणि सायकल काढली. स्टेशनापर्यंत एकच वाक्य घोकत गेलो: सर, पेटी मी हलवली, ताई नको म्हणत होती. सोपं वाक्य होतं. चौथीतलं पोर म्हणेल. गाडी उभी होती. हेडमास्तर खिडकीत होते, त्यांच्या मागे सुधाकर.

"सर," मी म्हणालो.

"हं?"

सुधाकर पुढे वाकला. तो कशाची तरी वाट पाहत होता.

"सर, टोपी."

त्यांनी टोपी घेतली. शिट्टी झाली. त्यांनी ती डोक्यावर घातली.

टोपीत माशी होती.

गाडी हलली तेव्हा डब्यात हेडमास्तर उभे दिसले, दोन्ही हात डोक्यावर, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा हलत होते. खिशात माशी घुसली म्हणतात ना लोक, ती खिशातली बिचारी चावलीच नाही. चावली ती ही. मी आणून दिलेली. मी प्लॅटफॉर्मवर मोठ्याने हसलो. हसू थांबल्यावर पाहिलं तर प्लॅटफॉर्मवर मीच होतो.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाहेर राहिलेल्या सगळ्या माशा त्या शाळेच्या खुर्चीच्या हाताला नारळाएवढा गोळा करून लटकल्या होत्या. बाबांनी खुर्ची हातभर सरकवली, वाट्यांत पाणी भरलं, घोडी मांडली, पेटी आणून तिच्यावर ठेवली. गोळा सुटायला लागला. अर्ध्या तासात खुर्ची रिकामी झाली.

ते निंबाखाली टेकले. पेटीकडे पाहत ताईला एवढंच म्हणाले, "जागा होती तं आल्या बिचाऱ्या."

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. 'विचार जमत नाही.' ताईने ते वाचलं, रांजणावर ठेवलं आणि शाळेत गेली. पुढच्या वर्षी तिने बदली मागितली, अहेरीला. अहेरीहून बदली मागणारे पुष्कळ, अहेरीला मागणारं कोणी नाही. कचेरीतल्या बाबूने म्हणे तिला तीन वेळा विचारलं, नक्की अहेरीच ना. बाबा त्यानंतर सहा वर्षं होते. शेवटपर्यंत त्यांनी मला कधी पेटीला हात लावू दिला नाही. लाव असंही म्हणाले नाहीत, नको असंही नाही. मी जवळ गेलो की ते उठून उभे राहायचे.

मला चंद्रपुरात नोकरी लागली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, मोठ्या बहिणीचं आधी व्हायचं आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ही सबब सांगितली की लोक विषय बदलतात.

मागच्या मे महिन्यात अहेरीला गेलो. ठरवून गेलो. ताईच्या घरामागे तीन पेट्या आहेत. तिचे केस सगळे पांढरे झालेत. ती पातेल्यावर फडकं बांधून मध गाळत होती. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो, नाहीतर पुन्हा टोपी झाली असती.

"ताई, तुला एक सांगायचं आहे. त्या दिवशी पेटी तू नाही, मी—"

"रवी," ती म्हणाली, "मी तिथीच उभी होती ना रे."

हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे आलं होतं, पण असं नाही.

"बाबांना सांगायला पाहिजे होतं मी," मी म्हणालो.

"बाबाले माहीत होतं."

"कसं?"

तिने पातेल्यावरच्या फडक्याकडे बोट केलं. मधाने पिवळं पडलेलं, जुनं, मऊ कापड. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा 'र'.

"त्या रात्री त्यायनं धुतला अन् मले दिला. म्हणे, रवीले दे, त्याचा आहे. मी नाई देला. मध गाळाले बरा पडते."

मी बसलो.

"मग माहीत कोणाला नव्हतं?"

"तिघायले," ताई म्हणाली. "ते गाडीत बसून चालले गेले."

"तू का नाही बोललीस?"

"चहा होईपर्यंत वाट पाह्यली. मले वाटे, आता बोलशील, आता बोलशील. मंग तू सायकल घेऊन निंगाला. म्हटलं, चला, गेला सांगाले. दारात उभी राह्यली मी." तिने फडकं पिळलं. "तू आला अन् इचारलं, पोहे उरले का."

मला ते आठवत नव्हतं. पण मी विचारलं असणार. मला पोहे आवडतात.

"राग आहे?"

"होता. मंग बदली झाली." तिने बाटलीला बूच लावलं आणि माझ्या हातात दिली. "अन् दर ऐतवारी सिंदेवाहीले जाऊन तू का करतं? शंकरभाऊ सांगत होते. घरात भाडेकरू नाई, काई नाई."

"झाडून घेतो," मी म्हणालो.

तिने हात पदराला पुसले. पुढच्या ऐतवारी इकडे ये, असं ती म्हणेल म्हणून मी थांबलो. बसची वेळ झाली.

पुढच्या ऐतवारी मी सिंदेवाहीला गेलो. झाडून घेतलं नाही. निंबाखाली शाळेची तीच खुर्ची टाकली (परत करायची राहूनच गेली होती), आणि ती अजूनही त्याच एका जागी नीट बसते. बाबांच्या हिशेबाने पार दुसऱ्या गावाला नेलेली माशी चार-आठ दिवसांत जुनी जागा विसरते. मला चंद्रपुरात वीस वर्षं होऊन गेली.

शंकरभाऊ आता थकलेत. कुंपणावरून म्हणाले, "रवीभाऊ, पेटी नाई राह्यली आता इथी."

"माहीत आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात एक मधमाशी आली. कुठल्या झाडावरची असेल देव जाणे. माझ्या सदऱ्याच्या खिशासमोर हवेत थांबली. मी श्वास रोखला आणि दोन बोटांनी खिसा चांगला उघडून धरला. तिने आत पाहिलं, नीट विचार केला, आणि निघून गेली.

हेडमास्तरांच्या खिशात गेली होती.